आडावरची प्रार्थना

"गुडघे टेक. चर्चात टेकतोस तसे."

सर्जेराव आडाच्या चौथऱ्यावर उभा होता. माझा बा खाली, धुळीत. मी बाच्या मागं, काखेत रिकामी कळशी घेऊन.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. आमच्या वस्तीची विहीर कधीच आटली होती. सकाळी टँकर येऊन गावच्या आडात पाणी ओतून गेला होता. सरकारी पाणी, साऱ्या गावाचं. पण पोहरा सोडायचा तो वरच्या जातीच्या लोकांनी. आम्ही खाली उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून ओतलेलं घ्यायचं. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला, आमची नावं बदलली, देव बदलला. गावाच्या लेखी आम्ही महारवाड्यातलेच राहिलो.

त्या दिवशी बाला घाई होती. घरी माझा धाकटा भाऊ शिमोन हगवणीनं गळून गेला होता. नुकता पाऊल टाकायला लागलेलं पोर. सोनई गावच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पाणी उकळून पाजत राहा, पोर सुकता कामा नये. बा किती वेळ हात जोडून उभा होता. कुणी ओतेना. शेवटी तो म्हणाला, "मालक, लेकरू लई आजारी हाय. एक कळशी द्या."

सर्जेराव आमच्या गावातला मोठा बागायतदार. तो हसला. "तुमचा देव लई मोठा म्हनता ना? मग त्याला माग की. हितं, आमच्याम्होरं."

आणि मग ते गुडघे टेकायचं बोलला.

बानं गुडघे टेकले. टोपी काढून बाजूला ठेवली. मला वाटलं, पाण्यासाठी सोंग करतोय. पण त्यानं डोळे मिटले आणि तो खरंच प्रार्थना करायला लागला. घरी करायचा तशीच.

"देवा बापा, ह्या गावाला पानी दे. सर्जेरावांच्या दावनीची बैलं जगू दे. त्यांच्या म्हातारीच्या डोळ्याला बरं वाटू दे. आन माझ्या शिमूला ह्या दुखन्यातनं उठव. तुझ्यावर भरवसा हाय. आमेन."

आडावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पोरं ओरडली, "आमेन! आमेन!" सर्जेरावानं भरलेला पोहरा उचलला आणि बाच्या गुडघ्यापुढं मातीत ओतला.

"घे. तुझ्या देवानं धाडलं."

तापलेली माती. पाणी पडलं तसं आत जायला लागलं. बा दोन्ही हातांनी ते गोळा करायला लागला. चिखल. ओंजळीनं चिखल उचलून कळशीत टाकत होता माझा बाप. आणि वर माणसं हसत होती. मी नुसती उभी. मला रडूसुद्धा आलं नाही.

घरी आईनं तो गाळ पदरातून गाळला, उकळला, पुन्हा गाळला. वाटीभर निघालं. काळपट. शिमूनं ते अधाशासारखं पिलं. मग वाटीकडं हात केला. वाटीत काही नव्हतं.

पहाटे आईच्या मांडीवरच त्यानं जीव सोडला.

आमच्या चर्चचे पाळक आले, सायकल मारत, घामाघूम. भला माणूस. आम्ही सगळे कुडाच्या खोलीत बसलो होतो. तेच आमचं चर्च. मधे शिमू, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. पाळक म्हणाले, "देवाची मर्जी. त्याला आवडला, त्यानं नेला."

माझं वय तेरा-चौदा. मोठ्यांपुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. मी उठले.

"देवाची मर्जी नव्हती. सर्जेरावाची हुती."

"बस खाली," बा म्हणाला.

मी बसले नाही.

माती देऊन आलो. आई भिंतीकडं तोंड करून पडली. बा उंबऱ्यात बसला होता. मी त्याला विचारलं, "त्याच्या बैलांसाठी कशाला मागितलंस?"

"बैलांचा काय गुन्हा, पोरी?"

"आन आपला देव तवा कुटं हुता?"

बानं आपल्या हातांकडं पाहिलं. त्याच्या नखांत अजून तो चिखल होता.

"तिथंच हुता. माझ्या बाजूला, खाली. त्याला बी हसत हुते लोक."

एवढंच बोलला आणि माझा बाप लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मी त्याला तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मी त्यावर विचार करत राहिले. देव जर आमच्या बाजूला, खाली उभा असेल, तर वर उभी असलेली माणसं कोण? त्यांना भ्यायचं कशाला?

पुढचा टँकर आला तेव्हा मी एकटी गेले. थेट चौथऱ्यावर चढले. पोहरा उचलला आणि आडात सोडला. बाया किंचाळत मागं सरल्या. सर्जेराव धावत आला.

"ए, खाली उतर!"

"न्हाई उतरत. पानी सरकारचं हाय."

त्यानं कानाखाली मारली. ओठ फुटला. दोर मी सोडला नाही. त्यानं पुन्हा हात उगारला, तेवढ्यात गर्दीतून बा येताना दिसला. मला वाटलं, आता हा हात जोडणार, माझ्या वतीनं माफी मागणार. बा चौथऱ्यावर चढला. सर्जेरावाकडं त्यानं पाहिलंही नाही. माझ्या हाताखाली दोराला हात घातला.

"वढ," म्हणाला.

आम्ही दोघांनी पाणी ओढलं. कळशी भरली.

आड बाटला म्हणून गावात बोंब झाली. संध्याकाळी त्याच आडावर सगळ्यांची रांग होती. आम्हाला मात्र कुणी कामावर घेईना. गिरणीवाला दळण घेईना.  बानं रात्रीची प्रार्थना चालूच ठेवली. त्यात सर्जेरावाचं नाव असायचं. माझ्या प्रार्थनेत ते कधी आलं नाही.

त्या दिवशी भरली कळशी आईपुढं ठेवली तेव्हा तिनं आत पाहिलं. स्वच्छ पाणी, काठोकाठ. तिनं कळशीला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. एक घोटही पिली नाही. मी तिला धीर दिला नाही. कशाचा देणार?

देवावरचा भरवसा मी सोडलेला नाही. पण माणसानं केलेला खून देवाच्या नावावर मी घालू देत नाही. पाळकाला नाही, पुढाऱ्याला नाही, माझ्या रक्ताच्या माणसालाही नाही. मयताच्या घरी कुणी 'देवाची मर्जी' म्हणालं, की मी आधी विचारते, पाणी कुणी अडवलं होतं? आणि जे नाव पुढं येतं, ते सगळ्यांच्या देखत मोठ्यानं घेते.