पाना कोण धरणार?

घरात बोलायला माणूस नसलं की किस्से साठत जातात. खर्चच होत नाहीत ना! माझ्याकडे तर मोठा साठा आहे, आणि सगळा शटरचा. तंजावरातल्या दुकानांच्या लाकडी फळ्या जाऊन लोखंडी शटरं यायला लागली, तेव्हा आमच्या ह्यांनी शटरदुरुस्तीचं दुकान काढलं. आता हे नाहीत. दुकान आहे, मी आहे आणि स्प्रिंगा आहेत. बसा, कॉफी होईपर्यंत सांगते.

* * *

दुकान नवं होतं तेव्हा मी ह्यांना विचारलं, "अहो, शटरच्या वर त्या डब्यात असतं तरी काय?"

हे जेवत होते. पानातला मुरुक्कू, म्हणजे चकलीच, उचलून म्हणाले, "ही स्प्रिंग समज. शटर खाली ओढलं की हिला पीळ बसतो. वर ढकललं की ती पीळ सोडते आणि आपल्याला हात देते. म्हणून एवढं लोखंड एकटा माणूस उचलतो!" आणि पीळ दाखवायला गेले, तर मुरुक्कू मोडला.

"बघ, जास्त पिळलं की अशी तुटते," म्हणाले आणि पुरावा खाऊन टाकला!

एकच गोष्ट मात्र ते कधी हसून बोलले नाहीत. स्प्रिंगला पीळ भरताना एकानं वरचा दांडा पान्यानं धरून ठेवायचा आणि दुसऱ्यानं बोल्ट आवळायचा. पाना सुटला तर तो गरकन फिरून हात मोडतो. "हे काम एकट्यानं करायचं नाही. कधीच नाही."

हे गेल्यावर बोल्ट माझ्याकडे आला. पाना धरायला आमचा जुना मिस्त्री आरुमुगम होताच. बायकोमाणूस स्टुलावर चढून बोल्ट आवळते हे बघायला सुरुवातीला गर्दी जमायची. तिकीट लावलं असतं तर आज बंगला असता!

* * *

पापनाशमचे एक चेट्टियार, कापडवाले. "शटर एका बोटानं उचललं गेलं पाहिजे," एवढाच हट्ट.

मी सांगून बघितलं, "पीळ बेताचाच हवा हो." ऐकेनात. आरुमुगमलाही चेव आला. त्यानं भरपूर पीळ भरला. चेट्टियारांनी बोट लावलं आणि शटर धाडकन वर! सोबत खांद्यावरचं अंगवस्त्रही गेलं.

चेट्टियार खूश! आम्ही शेजारच्या दुकानाचं काम उरकून संध्याकाळी परत डोकावलो, तर चेट्टियार आणि त्यांचे दोन गुमास्ते शटरच्या कडेला वटवाघळांसारखे लोंबकळताहेत.

"अय्यो, हे काय?"

"दुकान बंद करतोय, अम्मा!"

* * *

ओरत्तनाडूला एक रिटायर्ड तहसीलदार होते. बायको गेलेली, मुलं दिल्लीला, मोटार विकलेली. राहिलं ते मोटारीचं गॅरेज आणि त्याचं शटर. दर थोड्या दिवसांनी निरोप यायचा, "शटर अडकलंय, या."

जाऊन बघावं तर स्प्रिंगवर मुंग्यांची रांग.

"सर, हिला काय घालता?"

"तिळाचं तेल. अगदी घाण्याचं!"

"खायचं तेल नको, सर. ते चिकटतं, धूळ धरतं, मुंग्या येतात. ग्रीस लावा."

ते मान डोलवायचे आणि कॉफी करायचे. मग रिकाम्या गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून आम्हाला दिल्लीच्या थंडीबद्दल सांगायचे. पुढच्या खेपेला पुन्हा तिळाचं तेल, पुन्हा मुंग्या!

एकदा परतीच्या बसमध्ये मी वैतागले, "एवढा शिकलेला माणूस, साधं ग्रीस लक्षात राहू नये?"

आरुमुगम खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लक्षात राहिलं तर आपण येऊ का, अम्मा?"

पुढच्या खेपेला मी ग्रीसचा विषयच काढला नाही.

* * *

आमचा गोपू मुंबईला असतो. वडिलांच्या श्राद्धाला आला आणि मला घेऊनच गेला. "दुकान विक आणि इथंच राहा," म्हणाला.

मुंबईत जिकडेतिकडे मराठी! मी तर हरखलेच. तंजावरच्या घरात ह्यांच्यानंतर माझ्याशी मराठी बोलतं कोण? शेजारणीशी मी पोटभर बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या सुनेला म्हणाली, "सासूबाई मद्रासी असून किती छान मराठी शिकल्यात!"

"हो ना," मी म्हटलं, "आमच्याकडं दहा-बारा पिढ्या क्लास चालू आहे!"

सगळे हसले. मीही हसले. पण नंतर तिथं फार बोलले नाही.

मी तंजावरला परत निघताना गोपूनं बजावलं, "आरुमुगम आहे तोवर ठीक. तो गेला की तू इकडे. कबूल?"

कबूल म्हटलं. आरुमुगम कुठं जातोय!

तर दिवाळी झाली आणि आरुमुगम त्रिचीला लेकीकडे राहायला गेला. डोळ्यांनी दिसेना त्याला. गोपूनं पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, मुदत दिली. तोवर पाना धरणारं कुणी मिळालं तर दुकान, नाहीतर मुंबई.

* * *

धाकटे भावजी मास्तर आहेत. म्हणाले, "त्यात काय वहिनी, मी धरतो!"

आमच्याच दुकानाच्या शटरला पीळ भरायला घेतला. भावजींनी पाना अगदी छान धरला होता. एवढ्यात वीदीतून, म्हणजे समोरच्या रस्त्यावरून, नादस्वरम ऐकू आलं. देवाची पालखी! मी "भावजी!" म्हणेपर्यंत त्यांनी दोन्ही हात जोडले.

पाना गरकन फिरला, छपराचं कौल फोडून भावजींच्या पायाशी येऊन पडला. सगळा पीळ निघून गेला.

भावजी घामाघूम. "देवानंच वाचवलं, वहिनी!"

"सोडायला कुणी लावलं, भावजी?"

ते पुन्हा आले नाहीत.

* * *

मग शटर दोरीनं वरच बांधून ठेवलं. रात्रंदिवस दुकान उघडं. चोर येऊन नेणार काय, गंजक्या स्प्रिंगा?

समोर कमलम राहते. अप्पळम, म्हणजे पापड, लाटून विकते. इतक्या वर्षांत आमचं बोलणं एवढंच, रोज सकाळी ती ओरडायची, "ए मराठीअम्मा, शटर हळू!"

पोंगल तोंडावर आलं होतं. एका दुपारी ती पिठाचे हात पुसत दुकानात आली. "शटरचा आवाज नाही बरेच दिवस. मेलीस की काय बघायला आले!"

"मेले नाही. मुंबईला चाललेय."

"का?"

मी वर बोट दाखवलं आणि पाना धरणारं कुणी नाही, ते सांगितलं. तिनं एकदा दांड्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. पदर खोचला आणि चढली स्टुलावर. "दे इकडं तो पाना. रोज पीठ कुटते मी!"

आम्ही पीळ भरला. तिनं पाना धरला, मी बोल्ट आवळायला लागले. हात चालले होते तसं तोंडही चालायला लागलं. ह्यांचं सांगितलं, गोपूचं सांगितलं. बोल्ट घट्ट झाला. आता पाना सोडला तरी चालणार होतं. मी काही तिला ते सांगितलं नाही. बोलतच राहिले. दुपारची सामसूम होती आणि दोन बायका दोन स्टुलांवर, छपराला डोकं लावून!

शेवटी मलाच लाज वाटली. "कमलम, सोड ग आता. बोल्ट मघाशीच बसलाय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "हातावरचा भार मघाशीच गेला."

आणि पाना तसाच धरून तिनं विचारलं, "उद्या दुपारी कुणाचं शटर?"