फ्रिजवाला गायब, आता धरू कोनाले?

आज सकाळी नवा फ्रिज बंद पडला. यांचं शुगरचं इंजेक्शन त्यातच राहते, म्हनून मी धावत महागावले गेली. फ्रिजच्या दुकानात बांगड्या! बांगडीवाला म्हने, "काकू, तो गेला दुकान खाली करून. बांगड्या दाखवू?"

कंपनीले फोन केला. पोरगी म्हने, "बाजूच्या स्टिकरवरचा नंबर सांगा." फ्रिज आनला त्या दिवशी पूजेत पांढरी जागा दिसली, तर मीच त्यावर तेलकुंकवाचं स्वस्तिक काढलं! आता नंबरच दिसत नाही.

बिल हाय माह्याजवळ. शेजारची मंदा म्हनते, "ग्राहक मंचात जा, वकील लागत नाही." खरं हाय का? कोनी गेलं असन तर लवकर सांगा. इंजेक्शन मंदाच्या फ्रिजमंदी ठेवलं, पन तिचा फ्रिजबी त्याच दुकानातला हाय.