अजून एक पोळी

पोट लहान करायचं ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले, पण माझ्या जिभेला ते अजून कुणी कळवलेलं नाही. परवा अर्ध्या पोळीतच माझं पोट भरलं. तेवढ्यात तव्यावरून खमंग वास आला आणि जुन्या सवयीनं मी बोलून गेलो, "अजून एक वाढ गं."

बायको लगबगीनं आली. टम्म फुगलेली पोळी, वर तुपाची धार. एकेकाळी "पुरे आता" म्हणणारी ही बाई इतकी खुललेली मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. माझी भूक गेली तेव्हा वाढणारीचंही काही गेलं असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मी नुसता पोळीकडे बघत राहिलो.

"नाही ना जाणार?" तिनं तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात घातला. "पण मागत जा हो अधूनमधून."