हिवाळी पत्रकातली रिकामी जागा

माझं अक्षर चांगलं होतं आणि त्यापायीच माझं वाटोळं झालं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत असे. आता तितकं म्हणत नाही. वाटोळं वगैरे काही झालं नाही, दहावी बाहेरून दिली, पुढे नोकरीही केली. पण राग गेलेला नाही. 'सोडून दे आता,' असं लोक सांगतात. ज्यांचा गळा कुणी केसाने कापलेला नसतो, त्यांना असं सांगायला काही लागत नाही.

धुळ्याबाहेर मुलींची एक निवासी शाळा होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी पारोळ्याजवळच्या खेड्यातली, आठवीत होते. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, प्राथमिक शिक्षक. गावात सातवीपर्यंतच शाळा, म्हणून त्यांनी हट्टाने मला तिथे घातलं होतं. वसतिगृहात जागा मिळणं सोपं नव्हतं. खाटा मोजक्या, आणि एखादी रिकामी झाली की चार गावांचे अर्ज येत. मला जागा मिळाली तेव्हा नानांनी गावात पेढे वाटले होते. त्यामुळे ती लोखंडी खाट, तिच्याखालची पत्र्याची पेटी आणि खिडकीतून दिसणारा लळिंगचा किल्ला हे सगळं मला माझ्या मालकीचं वाटायचं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पालकांना एक पत्रक जायचं. त्याला 'हिवाळी पत्रक' म्हणत. स्नेहसंमेलन कधी, क्रीडास्पर्धा कधी, किल्ल्यावरची सहल कधी, मुलींना स्वेटर आणि जाड गोधडी द्यावी, डोक्याला लावायचं तेल बाटलीत न देता डब्यात द्यावं, अशा बातम्या आणि सूचना त्यात असत. हे पत्रक सायक्लोस्टाइलवर निघे. मेणाच्या निळ्या कागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने अक्षरं कोरायची, त्याला स्टेन्सिल कापणं म्हणत. मग तो कागद यंत्रावर चढवून, दांडा फिरवून प्रती काढायच्या. शाळेत टाइपरायटर इंग्रजीचा होता. म्हणून मराठी पत्रकासाठी दरवर्षी एखादी चांगल्या अक्षराची मुलगी निवडली जाई. त्या वर्षी मी निवडले गेले.

निवड केली ती रेक्टरबाईंनी. वसतिगृहाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. मुलींना येणारी पत्रं त्या आधी वाचत, मुलींची घरी जाणारी पत्रंही वाचत. बाकीच्या मुली त्यांना टरकून असत, मी नव्हते. मला त्या ऑफिसात बसवत, स्वतःच्या थर्मासमधला चहा बशीत ओतून देत, 'तुझ्यासारखी मुलगी मला असती तर' असं म्हणत. आठवीतल्या पोरीला आणखी काय हवं असतं? मी तर पार विरघळून गेले होते.

त्या दिवशी त्यांनी मला मजकूर दिला. वहीचं फाडलेलं पान, त्यावर त्यांच्या बारीक अक्षरातल्या ओळी. सगळ्यांत वर 'भरिताचा रविवार' होता. आमच्याकडे थंडीत भरिताशिवाय पाहुणचार नाही. मार्गशीर्षातल्या एका रविवारी पालक शाळेत येत. प्रत्येक गावचे लोक हिरवी लांब वांगी आणत, मैदानात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यांवर ती भाजत, आणि मग भरीत, पुऱ्या, कांद्याची पात अशी पंगत बसे. त्याखाली स्नेहसंमेलन, खेळ, सहल. आणि शेवटून दुसरी ओळ होती : 'वार्षिक परीक्षेनंतर वसतिगृहात एक जागा रिकामी होत आहे. इच्छुक पालकांनी त्वरित कळवावे.'

ही ओळ मला फार रुक्ष वाटली. मी तिच्याभोवती वेलबुट्टीची चौकट काढली, 'एक जागा' ही अक्षरं मोठी केली. रेक्टरबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. मी विचारलं, "बाई, कोण जातंय?" त्या म्हणाल्या, "ते तुला काय करायचंय? तू लिही." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो. चांगला उबदार हात होता.

आता माझीही लबाडी सांगते, नाहीतर ही गोष्ट एकतर्फी होईल. पत्रक छापून झालं आणि ही बातमी सगळ्यांच्या आधी मला कळलीय, या गुर्मीत मी हिंडू लागले. कोण जाणार असेल याचा अंदाज बांधणं काही कठीण नव्हतं. पिंपळनेरची एक मुलगी होती. रोज जेवणानंतर रडायची, अंथरूणही कधीकधी ओलं करायची. मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं, "बांध गं पेटी, तुझी खाट गेली." ती बिचारी चार दिवस जेवली नाही. रेक्टरबाईंकडे जाऊन पाया पडली. बाईंनी तिला सांगितलं, तू नाहीस. पण मग कोण, ते सांगितलं नाही. मिठाची गुळणी धरून बसल्या. मी मात्र पुढच्या मुलीवर संशय घेऊ लागले, तिचीही टर उडवली. स्वतःचं नाव माझ्या मनात एकदाही आलं नाही. माझा तर पहिला-दुसरा नंबर, मी बाईंची लाडकी, मला कोण काढणार?

पाकिटांवरचे पत्तेही मीच लिहिले. नानांचा पत्ता लिहिताना गंमत म्हणून त्यांच्या नावापुढे 'गुरुजी' लिहिलं. पत्रकं बुकपोस्टने गेली.

भरिताचा रविवार उजाडला. थंडी कडक होती, तोंडातून वाफ निघत होती. मैदानात ठिकठिकाणी जाळ पेटले होते आणि वांग्यांच्या करपलेल्या सालीचा वास सगळीकडे भरला होता. आमच्या गावची बस अजून यायची होती, म्हणून मी माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीच्या घरच्यांना मदत करत होते. ते दोंडाईच्याचे. मैत्रिणीची आई भाजलेल्या वांग्यांची सालं काढत होती, तिची धाकटी बहीण मिरच्या निवडत होती. मी वांगी पाण्याच्या हाताने उचलून देत होते. मैत्रिणीची आई माझ्याकडे बघून एकदम मायेने म्हणाली,

"तुनी जागा आम्हनी धाकलीले भेटनी व बाई. तुम्हना लोकेस्ना उपकार शेतस."

मला वाटलं, त्यांची काहीतरी गफलत होतेय. मी म्हटलं, "माझी जागा? माझी नाही मावशी, दुसऱ्या कुणाची तरी आहे."

"तुले माहीत नही का? रेक्टरबाईंनी आम्हले पत्र धाडं ना. बठ्ठास्ले माहीत शे."

सगळ्यांना माहीत! मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती खाली मान घालून कांद्याची पात चिरत होती. तिला माहीत होतं. आठ दिवस माझ्या शेजारी झोपत होती, माझ्या तेलाच्या डब्यातलं तेल लावत होती, मी इतरांची टर उडवत असताना हसत होती, आणि तिला माहीत होतं. नंतर ती म्हणाली, "बाईंनी शपथ घातली होती." शपथा मोडण्यासाठीच असतात हे तिला त्याआधी चांगलं ठाऊक होतं, पण माझ्या वेळेलाच ती सत्यवचनी झाली.

तेवढ्यात आमची बस आली. नाना पिशवी घेऊन उतरले, मागून माय उतरली. तिने अंगभर शाल घेतली होती, आणि चालताना एक हात कमरेवर होता. मी जवळ गेले आणि शालीआडून मला कळलं. मायला पाचवा महिना होता. दिवाळीत मी तीन आठवडे तिच्यासोबत चुलीपाशी बसले होते. मला कानोकान खबर नव्हती. या वयात, आठवीतल्या पोरीला हे सांगायची तिला लाज वाटली असेल. असेलही. पण मला ती लाज आधी दिसली नाही. दिसलं ते एवढंच की, सगळ्यांनी मिळून मला बाहेर ठेवलं.

"मी येणार नाही," मी म्हटलं. कशाबद्दल बोलतेय हे सांगायची गरज पडली नाही.

माय चक्रावली. तिचा चेहरा खरोखरच चक्रावलेला होता, सोंग नव्हतं. "तूच लिखेल शे ना व माय ते?" ती म्हणाली. "तुना बापनी अक्षर वयखं. माले म्हने, पोरले बाईंनी सांगं, पोरनी मनवर लिधं नही. माले इतलं हलकं वाटनं."

मग सगळं बाहेर आलं. मायने नानांना सांगितलं होतं, डॉक्टरने ओझं उचलायला बंदी केलीय, बाळंतपणाला घरात दुसरं कोणी नाही, परीक्षा झाली की पोरीला वर्षभरासाठी घरी आणा. नाना आधी तयार नव्हते म्हणे. शेवटी त्यांनी रेक्टरबाईंना पत्र लिहिलं : पोरीला तुम्ही समजावून सांगा, तुमचं ती ऐकते, ती हो म्हणाली तरच जागा सोडू. आणि उत्तराच्या जागी घरी आलं ते पत्रक. माझ्या अक्षरात. मोठ्या अक्षरात, भोवती वेलबुट्टी. पाकिटावर लाडाने 'गुरुजी' लिहिलेलं. त्या दोघांनी ते हो म्हणून घेतलं. माय तर तो कागद शेजारणींना दाखवून आली होती की, बघा, माझी लेक किती शहाणी. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"बाईंनी मला काही सांगितलं नाही नाना," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं. मी नुसतं लिहिलं. आता जाऊन सांगा त्यांना, की नाही म्हणून."

नानांनी कपाशीची एक काडी जाळात सारली. मुलांच्या चुका लाल शाईने खोडणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्याकडून एक ओळ खोडली गेली नाही. "आते काय सांगू लोकेस्ले?" ते म्हणाले. "पत्रक तं बठ्ठा गावेस्मा गयं. त्या लोकेस्ले जागा दिधी. तुनाच हातनं शे ते." माय रडत होती आणि मला जवळ ओढत होती. मी गेले नाही. आम्ही तिघं पंगतीत बसलो. मी भरीत पुरीत कालवत राहिले, खाल्लं नाही. माझी माय माझ्या पानातली थंड झालेली पुरी काढून स्वतःच्या पानातली गरम ठेवत होती, आणि मला तिचा रागच येत होता.

संध्याकाळी मी रेक्टरबाईंच्या ऑफिसात गेले. त्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती मोजत बसल्या होत्या. मी विचारलं, "का सांगितलं नाही?"

"सांगणारच होते गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या अभ्यासावर परिणाम झाला असता. परीक्षा झाली की सांगितलं असतं. तोपर्यंत तू किती आनंदात होतीस, बघ." मी म्हटलं, नानांनी लिहिलं होतं की मी हो म्हणाले तरच जागा सोडायची. त्या म्हणाल्या, "हो-नाहीचा घोळ घातला की पालकही अडतात आणि मुलीही. ते लोक दोन वर्षं जागेसाठी थांबले होते." आणि मग, अगदी सहज, "चौकट किती छान काढली होतीस. सगळ्यांनी कौतुक केलं." पोटात एक आणि ओठांत एक, असं लोक म्हणतात. पण या बाईच्या पोटातही तेच होतं जे ओठात होतं. तिला खरंच वाटत होतं की तिने काही वावगं केलेलं नाही.

मी पिंपळनेरच्या मुलीची माफी मागितली. तिने 'असू दे' म्हटलं, पण त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिने.

संक्रांतीनंतर दोंडाईच्याची ती धाकटी येऊन दाखल झाली. सवय व्हावी म्हणून तिला आधीच आणून बहिणीच्या खाटेवर झोपवत. सहावीतली, दोन वेण्यांची, हसरी पोर. मला ताई म्हणायची. रेक्टरबाईंनी एके दिवशी आम्हा दोघींना बोलावलं आणि मला म्हणाल्या, "हिचंही अक्षर चांगलं आहे. जाण्याआधी हिला स्टेन्सिल कापायला शिकव." नाही म्हणायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. आणि त्या लहान पोरीचा काय दोष, असंही वाटलं.

मी तिला नीट शिकवलं. लेखणी किती दाबायची, गोल अक्षर फाटू नये म्हणून हात कुठे हलका करायचा, चुकलं तर काय लावायचं. ती भराभर शिकत होती. शेवटी मी दार बंद आहे ना ते बघून तिला म्हटलं, "एक लक्षात ठेव. बाई जे लिहायला देतील ते आधी पुरतं वाच. आणि कुणाबद्दल आहे ते कळल्याशिवाय लेखणी टेकवू नको." तिने मोठ्या गंभीरपणे मान हलवली. मला बरं वाटलं. त्या सगळ्या हिवाळ्यात पहिल्यांदाच, काहीतरी वाचवलं असं वाटलं.

चहाच्या वेळेपर्यंत रेक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. "लहान मुलीच्या डोक्यात काय भरवतेस?" त्यांनी विचारलं. धाकटी त्यांच्या खुर्चीच्या बाजूला उभी होती, हातात बशी, बशीत थर्मासमधला चहा. माझ्याकडे बघून ती हसली. वाईट हसली नाही, अगदी मोकळं हसली. ती तिथे दहावीपर्यंत टिकली, असं पुढे कळलं.