धाकट्या दिरांच्या घरातला शेवटचा पंखा

माझे धाकटे दीर मोटारी भरतात. म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतात. सगळ्या गल्लीचे पंखे फिरवणारा हा माणूस, पण यांच्या घरी जाल तर घामाघूम व्हाल. तांबं कमी पडलं की यांचा डोळा घरच्याच पंख्यावर. बैठकीतला गेला, स्वयंपाकघरातला गेला. उरला एक, खाटेवरचा. त्याला हात लावायचा नाही, अशी जाऊबाईची सक्त ताकीद.

पुतणी विजेच्या रिक्षातून शाळेची पोरं नेते-आणते. धूर नाही, आवाज नाही. माझी नातवंडं कौतुक करून थकत नाहीत. शनिवारी त्याच रिक्षाची मोटार जळली. सोमवारी रिक्षा दारात नसली तर काम दुसऱ्याला, असं शाळेनं बजावलं.

दीर तारवाल्याकडे धावले. तो म्हणाला, विजेच्या गाड्या, सौर पंप, पवनचक्क्या, सगळ्यांना तांबंच हवंय. जुनं आणून टाका, त्याच्या निम्म्या वजनाची नवी तार न्या. ॲल्युमिनियमची मात्र हवी तेवढी घ्या. ती दिरांनी हातातही धरली नाही. त्या मोटारीत ती तापली असती.

मग त्यांनी घर धुंडाळलं. जळकी तार, मोडका मिक्सर, माझ्या दारावरची विजेची घंटासुद्धा नेली. तरी वजन भरेना. दीर खाटेवर बसून वर बघत राहिले.

जाऊ भाजी चिरत होती. म्हणाली, "मान दुखेल."

"नुसता बघतोय."

"तुमचं बघणं ठाऊक आहे मला. आधीचे दोन असेच बघता बघता गेले."

सुरी ठेवून ती स्वतःच स्टूल घेऊन आली. "मी धरते, उतरवा. तुमच्यासाठी नाही हं, लेकीसाठी."

रविवारभर दीर मोटारीवर वाकलेले. पुतणी तार धरायची, जाऊ वेढे मोजायची. मध्येच कुणी बोललं की पहिल्यापासून मोजायची धमकी द्यायची. रात्रभर बल्बच्या उबेत तारेवर लावलेलं वॉर्निश वाळलं आणि सोमवारी पोरं वेळेवर शाळेत पोचली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी जाऊ रिक्षात मागे ऐसपैस बसते आणि मोठ्या रस्त्यानं चक्कर मारायला लावते. पुतणी म्हणते, आई, बॅटरी उतरते.

"माझाच पंखा आहे," जाऊ म्हणते, "चालव."

मीही शेजारी बसते. वारा झकास लागतो. माझ्या दारावर घंटा नाही आणि आत मीही नाही. आलेल्यांनी जरा थांबावं.