किल्ली कोणाकडे ठेवता?

सावेसाहेब नवा एजंट नेमायचा तर आधी त्याच्या घरी जातच नसत. शेजारपाजारी शिरत, पाणी मागत आणि सहज विचारत, "गावी जाताना किल्ली कोणाकडे ठेवता?" सामरवरणीच्या आमच्या चाळीत तीन घरांनी माझं नाव सांगितलं, आणि हा बडीशेप चघळणारा काटकुळा माणूस माझ्या दारात उभा राहिला.

ते विमा कंपनीत विकास अधिकारी होते. एजंट शोधायचे, शिकवायचे आणि त्यांनी आणलेल्या धंद्यावर आपली नोकरी टिकवायची, असं त्यांचं काम. मी म्हटलं, "साहेब, मला चार माणसांत बोलता येत नाही."

"बोलणारे ढिगानं मिळतात हो, पाटीलबाई. जिच्याकडे किल्ली ठेवावी अशी मिळत नाही."

पगार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. माणसानं हप्ता भरला तर कमिशन. "पहिल्या वर्षाचं कमिशन म्हणजे सणाचं जेवण. पुढचं थोडं थोडं येतं, ती रोजची भाकरी. पण वर्षात बारा माणसांचे विमे झाले पाहिजेत, नाहीतर एजन्सी बंद." आमच्या ह्यांचं खडोलीच्या कारखान्यातलं काम आज आहे तर उद्या नाही, असं चाललेलं. मला ती रोजची भाकरी हवी होती.

लायसन आलं आणि माझी झोप उडाली. नणंद, भाऊ, शाळेतल्या दोन बाई असं करत करत अकरा झाले. तिथं गाडी अडली ती अडलीच. वर्ष संपायला आठवडा उरला, तेव्हा आमटीत मीठ दोनदा पडायचं. सावेसाहेबही रोज सायकलवरून येऊन विचारायचे, "काही हाललं का?" त्यांनाही वरून तंबी आली होती. त्यांचे दोन एजंट आधीच गळाले होते, मी तिसरी ठरणार होते.

अशात शेजारचा भिका स्वतःहून म्हणाला, "वहिनी, मना बी इमा काढा ना." मला देवच पावला. धावत फॉर्म भरून घेतला आणि टोकरखाड्याला साहेबांच्या खोलीवर गेले.

त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "ह्या घराची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडेच."

"मग आतलं सगळं तुम्हाला ठाऊक असणार. प्रकृती कशी आहे?"

भिकाच्या मोरीतला रक्ताचा रुमाल मी पाहिला होता. शेवटी सांगितलं. साहेबांनी फॉर्म पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. एका सहीनं माझी एजन्सी वाचत होती, आणि त्यांचीही मान सुटत होती.

"डॉक्टर पाच मिनिटं बघतो, म्हणून माणूस खरा कसा आहे ते कंपनी एजंटला विचारते," ते म्हणाले. "उद्या ह्याचं बरंवाईट झालं तर चौकशी होईल. बायकोला दमडी मिळणार नाही, भरलेले हप्तेही जातील. मग ती तुमच्या दारात येईल, पाटीलबाई, माझ्या नाही." आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मला त्यांचा भयंकर राग आला. घरी येऊन रडले. भिकाला सांगितलं, आधी दवाखान्यात जा. तो बायकोला घेऊन धुळ्याकडे गावी गेला आणि पावसाळ्याआधीच वारला.

बारावा माणूस काही मिळाला नाही. एजन्सी बंद झाल्याचं पत्र आलं, आणि पाठोपाठ साहेबांना हुद्द्यावरून खाली उतरवून वलसाडच्या ऑफिसात टेबलाच्या कामाला बसवलं. ते जाणार हे कळलं तरी मी भेटायला गेले नाही, कुठल्या तोंडानं जाणार? निघायच्या दिवशी तेच आले. सायकलला वळकटी बांधलेली. माझ्या हातात त्यांनी एक किल्ली ठेवली.

"खोलीची आहे. थोडं सामान राहिलंय. जमेल तसं नेईन."

"माझ्याकडे कशाला, साहेब? मला तर काढून टाकलं."

"कंपनीनं काढलं," ते म्हणाले. "मी नाही काढलं."