हळदीआधीचा शनिवार

मोतलबाई सहज बोलून गेली, आणि बाळाजी मढव्याच्या डोक्याला घोर लागला.

बाळाजी बदलापूरजवळच्या जांभूळ गावचा. उल्हास नदीच्या काठी त्याची वांग्या-काकडीची वाडी. मातीचा वास घेऊन पेरणीचा दिवस सांगणारा अभिमानी माणूस. तोंडाचा कडू, पण त्याची काकडी कधी कडू निघाली नाही. फाळणीनंतर लष्करी कॅम्पाच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले, तिथे बाजार उभा राहिला, तेव्हापासून तो कॅम्पात पाटी घेऊन जाई आणि मोतलबाईच्या बराकीच्या सावलीत बसे. ती सिंधची विधवा, पापड लाटून पोट भरणारी. ती त्याला 'अदा', म्हणजे भाऊ, म्हणे आणि भाऊ म्हणूनच भाव पाडून घेई.

भादव्यात त्याच्या लेकीला, अंजनीला, मुदतीचा ताप आला. मोतलबाई बघायला आली. पोरीचं तापलेलं कपाळ हाताला लागलं तशी तिने ओढणी पसरली. "झूलेलाल, बच्ची को उठा दे. सिंधू में तेरा अख्खा डालूंगी." अख्खा म्हणजे तांदूळ आणि साखर, पाण्याच्या देवाला पाण्यातच वाहायची. सांजेला अंजनीला घाम फुटला आणि ताप उतरला.

वैशाखात अंजनीचं लग्न ठरलं, तेव्हा बाळाजीच्या बायकोला, कौसाबाईला, तो नवस आठवला.

"फेडल्याबिगर माझ्या पोरीला हळद लागणार नाय."

"अगं, सिंधू आता पाकिस्तानात गेली!"

"मंग बोलली तवा कुठं होती?"

बाळाजी तणतणत कॅम्पात गेला. मोतलबाईने जीभ चावली. "अदा, मुंह से निकल गया. उधर हर मन्नत में सिंधू ही बोलते थे." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. रडणाऱ्या बाईवर ओरडताही येईना.

त्याने घरी येऊन दाराशी वाहणारी उल्हास दाखवली. अंबरनाथच्या शंभूच्या देवळाजवळचा ओढा सुचवला. कौसाबाई म्हणाली, "एकाचं देणं दुसऱ्याच्या दारात टाकता?" शेवटी तिनेच तोड काढली. सगळ्या नद्या समुद्रालाच मिळतात. समुद्र कुठला? तर तिच्या माहेरचा, थळचा.

"मुंबईचा समुद्र काय आटला?"

"तो शहराचा. त्यात लोक काय काय सोडतात."

नवसाच्या गाठोड्यात माहेरही बांधलं गेलंय, हे बाळाजीला उमगलं. पण हळद सोमवारी होती. वाद घालायला सवड नव्हती.

शनिवारी पहाटे नवरा-बायको आणि मोतलबाई अशी तिघं बदलापूरहून गाडीने निघाली आणि भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचमध्ये बसली. किनारा मागे सरला, पाणी तांब्याच्या परातीसारखं चमकू लागलं. नदीच्या माणसाला एवढं पाणी म्हणजे उधळपट्टी वाटली. मोतलबाईच्या मांडीवर नवसाचं ताट होतं, शेजारी दिव्याच्या तेलाची बाटली. एका लाटेने लाँच उचलली आणि बाटली फळ्यांवर फुटली.

कोकणी मुसलमान तांडेलाने सुकाणू न सोडता विचारलं, "पाण्याला दिवा? म्हंजे आमच्या पाण्याच्या पिराचं, ख्वाजा खिजरचंच काम."

मोतलबाईचा चेहरा उजळला. "वही! उधर मुसलमान लोग झूलेलाल को ही ख्वाजा खिजर बोलते थे!"

"वा!" बाळाजी म्हणाला. "एका देवाचा पत्ता सापडत नाय, आणि त्याला नावं दोन!"

रेवसला उतरून थळला पोचली, तर कौसाबाईने नवा कायदा काढला. नवसाचं तेल उसनं चालत नाही. भावाच्या घरचं नको, विकतचंच हवं. बाळाजी भर उन्हात तेल्याकडे गेला. घाणा बंद होता. हसाजी तेली स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून ओटीवर निवांत बसला होता.

"तेल दे बाबा."

"आज शनवार."

"मंग?"

"शनवारी घाणा नाय, विक्री नाय, पैशाला हात नाय. आमी शनवारतेली, इस्रायली लोक. तारे दिसले की ये."

"आणि ढग आले तर?"

"तर तारे ढगामागं असतील."

बाळाजी वाळूत जाऊन बसला. डोकं तापलं होतं, पायही भाजत होते. लाँचवाल्याचा शुक्रवार, या तेल्याचा शनिवार. वांद्र्याच्या मोतमाऊलीचे ख्रिस्ती लोक रविवारी दुकान उघडत नाहीत. घरी बायकोचा सोमवार, मंगळवारी देवी, गुरुवारी दत्त. देवांनी आठवडा आपापसांत वाटून घेतला होता, उरलेला बुधवार बाजाराने. माणसाला वांगी लावायला एक वार शिल्लक ठेवला नव्हता.

तारे उगवले. हसाजीने तेल मोजून दिलं आणि तमाशा बघायला तोही मागोमाग आला. मोतलबाईने कणकेच्या दिव्यात वात लावली, ताट घेऊन पाण्यात उतरली आणि तशीच उभी राहिली.

"अदा, मेरे से नहीं होता. मैंने सिंधू बोला था. उसको कैसे पहुंचेगा?"

कौसाबाई मटकन खाली बसली. "मंग हळद नाय."

"नाय तर नाय!" बाळाजी कडाडला. "पोरगी बसवा घरात! देव ताप उतरवतो आणि तुमी बाया माझं डोकं तापवता!"

हसाजी हलकेच म्हणाला, "बाय, तुझा मुलूख कुठल्या अंगाला?"

तिने वायव्येकडे बोट केलं.

"आमच्या वाडवडलांचा बी ह्याच पाण्यापल्याड. आमी बघितला नाय. पिढ्यान्‌पिढ्या हितनंच तिकडं तोंड करून मागतो. पोचत नसतं तर कवाच सोडलं असतं."

मोतलबाईने हातातलं ताट सावरलं. मग ती सावकाश वायव्येकडे वळली, दिवा पाण्यावर ठेवला आणि मूठभर तांदूळ-साखर अंधारात सोडली.

बाळाजी हसाजीवर उखडला. "हे दुपारी का नाय सांगितलंस?"

"दुपारी तू तेल मागत होतास."

"अदा," मोतलबाईने हाक मारली, "अब पल्लव." म्हणजे पोरीच्या बापाने पदर पसरून मागायचं. बाळाजी गुडघाभर पाण्यात शिरला आणि उपरणं पसरलं.

"नाव घ्या," काठावरून कौसाबाई म्हणाली.

"झूलेलाल!"

"लाँचवाल्याचा पण. त्याच्याच लाँचीनं परत जायाचंय."

"ख्वाजा खिजर!"

"एकवीरा आपली, तिला रुसवू नका."

"आई एकवीरा! आणि ह्या तेल्याचा..."

"आमच्याचं नाव घेऊ नको हां," हसाजी घाईने म्हणाला. "आमीबी घेत नाय."

"अरे, मंग त्याला हाक कशी मारता?" तेवढ्यात लाटेने बाळाजीचं उपरणं भिजवलं. तो समुद्राकडे बघून ओरडला, "बाबांनो, सोमवारी पोरीला हळद लागू द्या! तुमच्यात कोण कोण आहे ते मागनं ठरवा!"

कौसाबाई उठली. लुगड्याची वाळू झटकत म्हणाली, "झालं. चला आता, निजा लवकर. सकाळची पहिली लाँच चुकली तर हळकुंडं कोण दळणार?"